वजनवाली सिस्टर

वजनवाली सिस्टर कोणाच्याही घरी गेली की चहाला नको म्हणायची आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून डब्यांची झाकणं उघडायची. बिस्किटं, फरसाण, चॉकलेटं. मग पोराच्या आईकडे अशी बघायची की अंगाचा तिळपापड व्हावा. माझा झालाच होता.

सरकारी दवाखान्यातली नर्स ती. नांदुऱ्यातल्या आमच्या शाळेत वजनकाटा घेऊन यायची. वाळलेल्या पोरांना गोळ्या वाटून जाणाऱ्या नर्सा आम्ही पुष्कळ पाहिल्या होत्या. ही मात्र गुबगुबीत पोरांच्याच मागे. "हाडकुळं पोट्टं सगळ्यायले दिसते," म्हणायची, "जाड्याचं दुखणं त्याच्या मायलेबी दिसत नाही."

माझी पिंकी तेव्हा नऊ वर्षांची. सासूबाई तिला खात्यापित्या घरची पोर म्हणून मिरवायच्या आणि, खोटं कशाला बोलू, मीही. सिस्टरनं तिच्या मानेवरचा काळपट पट्टा दाखवला. हा मळ नाही, साखरेच्या दुखण्याची सुरुवात आहे, म्हणाली. मी बी. ए. झालेली बाई, महिनाभर बेसन लावून ती मान घासली. पोर रडायची. पट्टा काही निघाला नाही.

सिस्टर पुन्हा आली. अंगणात शेजारणींसमोर पिंकीचं वजन केलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. सासूबाईंनी लगेच मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. त्याच आठवड्यात पिंकीला ताप आला. झालं! नजर सिस्टरचीच, हे गल्लीनं ठरवून टाकलं. आम्ही बायकांनी अर्ज दिला. पहिली सही माझी होती. तिची बदली वरवट बकालला झाली, तेव्हा मी पेढे वाटले.

पिंकी आता पंधराची आहे. मागच्या वर्षी तिला साखर निघाली.

वरवट बकालला एका लग्नाला गेले, तेव्हा सिस्टरला शोधून काढलं. अर्जासकट सगळं सांगितलं. चार शब्द ऐकून घ्यायची तयारी होती माझी. तिनं गोळ्यांची नावं विचारली, सकाळची साखर विचारली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "बदली झाल्यावरबी एक चक्कर मारायले पाह्यजे होती. पोरगी तं तिथंच होती."

मेलीनं शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. आता कुणाच्या नावानं बोटं मोडू?