आसामची मिरची आणि एक हाक

मिरचीचा खाट नाकात गेला, की मला काशीतल्या बालाजी घाटावरची आमची गच्ची आठवते. राज्य गोऱ्या साहेबाचं होतं, आणि आम्ही तिघी मैत्रिणी नव्या सुना होतो. दुपारी सासवा पुराणाला गेल्या, की आपापल्या माहेरच्या मिरच्या चाखून कुठली जास्त तिखट ते ठरवायचो. मिरची चावायची आणि सी-सी न करता उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, हा नियम; एरवी ते ओठांवर आणायची सोय नव्हती. माझ्या लवंगीपुढे कुणी टिकत नसे. एकदा शेजारची बंगाली मैत्रीण आसामातली सुरकुतलेली लाल मिरची घेऊन आली. तिचा भाऊ तिथं चहाच्या मळ्यावर कारकून होता. “थोड़ा ही खाना, दीदी,” ती म्हणाली. मी तोऱ्यात अर्धी चावली. आधी पिकल्या फळासारखी गोडसर लागली, मग टाळूपासून कानापर्यंत जाळ पेटला. उखाणा कुठला सुचतोय! खाली पोथी वाचत बसलेल्या ह्यांना मी चक्क नावानं हाक मारली, तीही एकेरीत. गल्लीभर ऐकू गेली. हे गुळाचा खडा घेऊन धावत वर आले, माझ्याहून लाल होऊन. पुढे उभ्या संसारात ते नाव माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही. बाजारात नवी मिरची दिसली, की हे मात्र शेवटपर्यंत ती घेऊन यायचे आणि हळूच म्हणायचे, “बघ बरं जरा चाखून.”