पुंडलिकबुवांचे दहा दिवस

तहसीलदारांचा चपराशी दुसऱ्यांदा आला. "सायबांनी सर्टिफिकेट मांगलं."

"दहा दिवस कुठे झालेत अजून?" मी म्हणालो.

त्या काळी माणसाला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं तर सरकारी डॉक्टरची सही लागे. खात्री नसेल तर दहा दिवस त्याला नजरेखाली ठेवायचं. याला ऑब्झर्वेशन म्हणत. तिकडे गेलेली माणसं फारशी परत आलेली मी पाहिली नव्हती, म्हणून सही करायला हात धजत नव्हता.

मेहकर तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात तेव्हा पुंडलिकबुवा ऑब्झर्वेशनला होते. दंडार म्हणजे आमच्या वऱ्हाडातला गाण्यानाचाचा खेळ. त्याची गाणी रचणारा असा माणूस डोणगावपासून जानेफळपर्यंत दुसरा नव्हता. एका कासाराची शिट्टी आवडली म्हणून बुवांनी त्याला बैलजोडीच देऊन टाकली, तेव्हा त्यांच्या भावाने त्यांना नागपूरला पाठवा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केला. एवढा मोठा कलावंत, थोडा येडा असणारच, असं लोक म्हणत. मीही हसून मान डोलवली होती.

पाच दिवस बुवांचा डोळा लागला नाही. झोपेसाठी ब्रोमाइडचं मिक्श्चर देत होतो, पण व्यर्थ. ड्रेसिंगच्या पट्ट्यांवर ते गाणी लिहीत. कंपाउंडरवर तर असं झकास रचलं की रांगेतले रोगी दुखणं विसरले. काम उरकलं की मी खुर्ची ओढून बसे. "बुवा, अजून एक होऊ द्या."

सहाव्या दिवशी त्यांची बायको गोदाबाई भाकरी घेऊन आली. दारात उभी राहून तिने हे सगळं ऐकलं.

"सायेब, यायले झोप काऊन येत नाई?"

"दुखणंच तसं आहे, बाई."

"हाव. पण गावातबी हेच होते. झोप उडाली का लोकं म्हनतात, बुवा रंगात आले, बसवा दंडार. मंग चार महिने भिंतीकडं तोंड करून पडतात, तवा कोनी पानीबी इचारत नाई. मले वाटलं, दवाखान्यात तरी कोनी वाहवा म्हननार नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी बुवांना मागच्या खोलीत हलवलं. खिडकीला घोंगडी लावली. औषध दोनदा, ऐकायला कोणी नाही. पहिला दिवस ते भिंतीलाच गाऊन दाखवत होते. आठव्या दिवशी झोपले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले, आणि पहिल्यांदा बैलांची चौकशी केली.

दहाव्या दिवशी तहसीलदार म्हणाले, "वेडा आहे की शहाणा, एक काय ते लिहा."

"आजारी आहे. चढतो, उतरतो. मधल्या काळात तुमच्या-माझ्यासारखा असतो. बायकोच्या ताब्यात द्या."

"आणि जबाबदारी?"

"तिची. आणि माझी."

कुरकुरत का होईना, त्यांनी सोडलं.

दुखणं बरं झालं नाही. पुढे तीनदा चढलं. पण सलग दोन रात्री डोळा लागला नाही की गोदाबाई त्यांना छकड्यात घालून आणी. नागपूरचा कागद पुन्हा निघाला नाही.

औषध घेताना बुवा विचारत, "सायेब, नवं रचलं. आयकता?"

"झोपून उठा, मग ऐकतो."

उठल्यावर ते गाणं बहुधा त्यांना आठवत नसे. काय काय गेलं असेल, याची हळहळ मला आजही वाटते. औषध पाजायला मी मेडिकल स्कुलात शिकलो. ओठांवर आलेली वाहवा गिळायला गोदाबाईने शिकवलं.