बिनसाखरेची सुकेळी

आमच्या विरारच्या घरात निसर्ग आला तो कुरिअरने. पुठ्ठ्याचं खोकं, आत फुगेफुगेवालं प्लॅस्टिक, त्याच्या आत आणखी एक पिशवी आणि पिशवीवर हिरव्या रंगात एक पान छापलेलं. आत किनोआ होता. मी तो राजगिरा समजून लाडू करायला घेतला, तेव्हा नवरा माझ्याकडे असा बघत राहिला की मी देवाच्या मूर्तीने नारळ फोडायला निघाले असते तरी इतका हादरला नसता.

झालं होतं असं, की त्याच्या रक्ताच्या रिपोर्टात साखर बॉर्डरवर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, जेवण थोडं कमी करा, रोज चाला, वजन उतरवा, मग पुन्हा तपासू. सल्ला इतका साधा होता की नवऱ्याचा त्यावर विश्वासच बसेना. हा माणूस घाटावरचा. साधा टेबलफॅन घ्यायचा तरी बाजार पालथा घालणार. त्याने लगेच सोसायटीतल्या आरोग्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नाव घातलं. त्या ग्रुपात बहुतेक असे पुरुष, ज्यांच्या घरी स्वयंपाक दुसरं कोणीतरी करतं. रोज सकाळी ते एकमेकांना उगवता सूर्य पाठवायचे आणि त्याखाली आज कोणता पदार्थ विष आहे ते कळवायचे.

आधी साखर विष झाली, मग मैदा, मग तांदूळ, मग मीठ. मिठाचं मात्र माझ्या मनाला लागलं. माझं अख्खं आयुष्य मिठागरांच्या शेजारात गेलं, आणि आता माझ्या ओट्यावर कुठल्या लांबच्या डोंगरातलं गुलाबी मीठ आलं. तेही चिमटीने मोजून टाकायचं. त्यामुळे आमची डाळ दिसायला डाळ राहिली, एवढंच. चहाच्या जागी दालचिनीचा काढा आला. बेकरीतला गरम पाव बंद झाला आणि कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने ओव्हनमध्ये नाचणीचा ब्रेड भाजला. तो सुरीने कापेना, म्हणून मी विळी काढली. बापलेकीने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि चाळीसेक लोकांनी हात जोडले. त्यांना तो खायचा नव्हता, म्हणून जोडले असतील.

तांदळाचा डबा टाकून द्यायचा हुकूम होता. मी तो ओट्याखाली अगदी कोपऱ्यात ढकलला आणि त्यावर परात उपडी घातली. घरात कधी खरंच भूक लागली तर असावा म्हणून.

माझे बाबा निर्मळ गावात राहतात. आई गेल्यापासून एकटेच. एके काळी वाडी चांगली मोठी होती. वाटण्या होत होत आता नेसत्या लुगड्याएवढी उरलीय. पण तिच्या एका कडेला राजेळी केळीची रांग बाबांनी राखलीय, कारण तिचे पहिले कोंब आईने माहेराहून आणले होते. राजेळीची केळी लांब आणि जाड असतात. बाबा ती पिकवतात, सोलतात आणि चटईवर कडक उन्हात घालतात. संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची, उलटायची, आणि मधाच्या रंगावर आली की केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. ही आमची सुकेळी. त्यात केळं आणि ऊन याखेरीज काही नसतं.

झाली की नाही ते बाबांची जीभ ठरवायची. ते एक तुकडा तोंडात टाकून डोळे मिटायचे. आई पानं आणि दोर घेऊन शेजारी बसलेली असायची. ती विचारायची, "बांधू?" बाबांनी मान हलवली की बांधायची, नाही हलवली की माल आणखी एक ऊन खायचा. त्या जिभेवर अख्ख्या आळीचा विश्वास होता. लोक आपापली सुकेळी घेऊन त्यांना चाखायला द्यायला यायचे.

दरवर्षी थंडी ओसरून ऊन चढलं की पहिली पुडकी लेकीच्या घरी, हा बाबांचा नेम. त्याप्रमाणे ते बस बदलत बदलत आले आणि पिशवीतली पुडकी टेबलावर मांडली. सुक्या पानांचा तो वास घरभर पसरला. मुलगी खोलीतून बाहेर आली आणि बापाकडे बघून तशीच परत आत गेली.

"बाबा, केळं म्हणजे निव्वळ साखर हो," नवरा म्हणाला. "त्यात तुम्ही ते सुकवता. म्हणजे साखरेची पण साखर."

बाबा माझ्याशी घरची बोली बोलतात, पण जावयाशी शाळेच्या पुस्तकातलं मराठी. "वरून साखर नाही घालत आम्ही," ते म्हणाले.

"तेच तर. आतलीच असते." मग नवऱ्याने त्यांना शरीरात साखर कशी चढते ते हाताने डोंगर काढून दाखवलं, आणि एवढं ऐकून थकले असतील म्हणून बरणीतला एक लाडू दिला. तोही कुरिअरने आलेला.

बाबांनी खाल्ला. "छान आहे. कशाचा?"

"खजुराचा. अजिबात साखर नाही. नैसर्गिक गोडवा."

बाबांनी एकदा लाडवाकडे बघितलं, एकदा आपल्या पुडक्यांकडे बघितलं. आमच्याकडे सासरा जावयाचं बोलणं खोडत नाही. ते लेकीला झापतील, व्याह्यांशी तावातावाने भांडतील, पण जावई ताटावर बसून 'मीठ कमी आहे' म्हणाला, तर खारट डाळीतही आणखी मीठ पडतं. म्हणून काखेत कळसा असलेल्या माणसाला गावाला वळसा घालताना बाबा मुकाट बघत बसले. निघताना मला म्हणाले, "असू दे गो बाय. कोणी पाव्हणा आला तर दे."

मी पुडकी तांदळाच्या डब्यात ठेवली. विषात विष. तिथे कोणी हात घालणार नव्हतं.

थोड्या दिवसांनी बाबा पुन्हा आले. त्यांची बोटं काळी पडली होती. कच्च्या केळाचा चीक लागला की बोटं अशी होतात आणि कितीही घासली तरी निघत नाहीत. मी काही विचारायच्या आत त्यांनी नवं पुडकं जावयापुढे ठेवलं. "बिनसाखरेची," म्हणाले.

"म्हणजे?"

"पिकू नाही दिली. साखर धरायच्या आधीच सोलली आणि उन्हात टाकली."

कच्चं केळं सोलणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. साल सुटत नाही, सुरीने तासावी लागते. या वयात हा माणूस चिकात हात घालून बसला होता, का, तर जावयाला चालेल असं काहीतरी लेकीच्या घरी नेता यावं. आणि जे तयार झालं होतं ते दिसायला जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं होतं.

नवऱ्याने तुकडा तोडायचा प्रयत्न केला. तुटेना. मग सगळाच तोंडात घातला आणि चावू लागला. त्याच्या कानशिलावरची शीर हलताना दिसत होती. बाबा त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते. बऱ्याच वेळाने नवऱ्याने तो घास पाण्याबरोबर खाली ढकलला आणि म्हणाला, "वा! बाबा, हेच हवं होतं."

"चांगली झालीत?"

"उत्तम!"

"खरंच?"

"आजवरची सगळ्यात चांगली," नवरा म्हणाला. मुलीनेही फोटो काढून घाईघाईने मान डोलावली. खोटं बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हे मलाही कळतं. म्हाताऱ्याचा मान ठेवायचा होता. पण मान ठेवायची आमच्या लोकांची तऱ्हाच अशी, की ज्याचा ठेवायचा त्याचाच गळा आवळला जातो.

फोटो ग्रुपवर गेला आणि तिथे भक्तीचा पूर आला. ज्यांनी ती चाखलीसुद्धा नव्हती त्यांना सगळ्यांना हवी होती. नवरा बाबांना वाचून दाखवू लागला. "बाबा, मागणी बघा! आता सगळा माल असाच करा." बाबा ऐकत होते, पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल," एवढंच बोलले.

दारात चपला घालताना त्यांनी मला हळूच सांगितलं, "ही मागणी पुरी करतो आनि मग राजेळी काढून टाकतो गो."

"काढून? का?"

"बस झाली."

"आईची रांग आहे बाबा ती."

"तेच तर," म्हणाले, आणि लिफ्टसाठी न थांबता जिना उतरायला लागले. मला काही उमगलं नाही. दमले असतील, असं मी स्वतःला सांगितलं, पण मन थाऱ्यावर राहिलं नाही. ती रांग गेली की बाबा सकाळी उठून कशासाठी बाहेर पडतील, हा विचार भाकरी थापतानाही डोक्यातून जाईना.

दरम्यान तांदळाच्या डब्यात चमत्कार होत होता. मी सुकेळी खात होते, हे कबूल. पण मी एक खाल्लं की दोन कमी व्हायची. मग एकदा नवऱ्याची ट्रॅकपँट धुवायला घेतली, तर खिशातून केळीच्या सुक्या पानाचा चुरा निघाला. म्हणजे हा गृहस्थ रोज पहाटे साखर उतरवायला चालायला जात होता आणि वाटेत ती चढवून परत येत होता. मुलीच्या उशीखालीही तसलाच चुरा होता. आणि तुळशीची माती उकरताना कुंडीत काय सापडलं? बिनसाखरेची सुकेळी, नीट पुरलेली. निसर्गाचं निसर्गाला परत.

मी कोणाला काही बोलले नाही. मला मजा वाटत होती, खरं सांगायचं तर. घरातले तीनही लोक एकाच डब्यातून चोरून खातायत आणि जेवताना एकमेकांना किनोआ वाढतायत.

मग एका रविवारी बाबा आले. राजेळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, तयार झाले होते. आणखी थांबलं तर केळी पिकायला लागली असती, म्हणून दुसऱ्या दिवशी ते सगळेच्या सगळे कच्चे उतरवणार होते. किती लागतील, ते विचारायला आले होते.

"सगळेच उतरवा," नवरा उत्साहाने म्हणाला. "एकही सोडू नका."

बाबांनी मान हलवली. "मग माणूस पण त्याच दिवशी बोलावतो. लोंगर उतरले की खुंट खणून टाकील."

मी उठले. ओट्याखाली वाकून परात काढली, डबा ओढला आणि टेबलावर, बाबांच्या समोर, उपडा केला. थोडे तांदूळ पडले आणि मग सुकी पानं पडली. नुसती पानं आणि दोर. एकाही पुडक्यात केळं नव्हतं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"पहिली पुडकी. तुमच्या जावयाने, नातीने आणि मी मिळून संपवली. चोरून." माझा आवाज चढला होता. "आणि ती बिनसाखरेची कुंडीत पुरलीत. घाण झाली होती बाबा ती. एकानेही दुसरा तुकडा तोंडात घातला नाही. उद्या तसला माल करू नका आणि राजेळीला हात लावू नका."

मुलगी जमिनीकडे बघत होती. नवरा म्हणाला, "तसं नाही, मी फक्त तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

बाबांनी एक पान उचललं आणि मांडीवर ठेवून सरळ करू लागले. मग जावयाकडे न बघता मला विचारलं, "कशी लागली होती?"

"तुरट."

"तुरट," ते म्हणाले. "मला पन तुरटच लागली होती. पहिल्याच दिवशी. पन जावई उत्तम बोलले. पोर पन हो बोलली." त्यांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं. "तुझी आय गेली तवापासून जेवनात काय राम न्हाय. म्हटलं, आता जीभ पन गेली. जिभेशिवाय सुकेळी कोन करील? बांधू का म्हणून विचारायला कोनी न्हाय, आनि सांगायला जीभ न्हाय. मग ती रांग ठेवून काय करू?"

मला एकदम भडभडून आलं, आणि नवऱ्याचा असा राग आला की किनोआची पिशवी त्याच्या डोक्यावर रिकामी करावी. पण तो स्वतःच पार खजील झाला होता. त्याने उठून बाबांचे ते काळे हात धरले आणि म्हणाला, "चुकलो बाबा. पिकवूनच करा." बाबांनी घाबरून हात सोडवून घेतले. जावयाने माफी मागायची असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पानं गोळा करून मी जेवायला वाढलं. बाबांनी डाळीचा पहिला घास घेतला. थांबले. डोळे मिटले. मग डोळे उघडून, जन्मात पहिल्यांदा, जावयाकडे सरळ बघत म्हणाले, "डाळीत मीठ नाही."

मी शेजारणीकडून आपलं साधं पांढरं मीठ मागून आणलं.