सरकारी सांडाचा चार्ज

आता काय सांगू तुम्हाला, सही करण्याआधी वाचावं, हे मला एका सांडाने शिकवलं. आणि तो सांड कधीचाच मेला होता!

सौंसरच्या एका सरकारी कचेरीत मी बाबू. घर मात्र पांढुर्ण्यात. पांढुर्णा जिल्हा झाला, नवी कार्यालयं उघडली आणि माझी बदली चक्क घराजवळ झाली. बायकोने पेढे वाटले. आता जुन्या सामानाचा चार्ज दुसऱ्याला द्यायचा आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

यादी काढली. मोडक्या खुर्च्या, कंदील, फुटकी घागर आणि अगदी खाली, 'जातिवंत सांड, एक. स्थिती उत्तम.' हा सांड माझ्या जन्माच्या आधीचा! मेल्याचा पंचनामा कोणी केला नाही, म्हणून कागदावर तो जिवंत. प्रत्येक बाबूने तो पुढच्याला सुखरूप सोपवलेला, आणि मीही न वाचता 'मिळाला' म्हणून झोकात सही ठोकलेली.

साहेब नवे आणि कडक. प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहीन, मगच तुम्हाला सोडीन, म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर कदाचित सुटलो असतो. पण हुशारी आडवी आली ना! माझे सासरे रामाकोन्याचे शेतकरी. त्यांच्याकडे बैलांची धिप्पाड पांढरी जोडी. मी पडलो मास्तरच्या घरातला. शिंगं दिसली, वशिंड दिसलं, की माझ्या लेखी सगळे सारखेच. त्यातला एक मागितला.

"न्या जवाईबापू," सासरे म्हणाले. "पन पोळ्याच्या आंधी आनून द्या."

तपासणीच्या दिवशी बैल आवारात बांधला. साहेब खूश. या वयात अशी तब्येत, म्हणून माझी पाठसुद्धा थोपटली. मग ते जनावराच्या मागच्या बाजूला गेले. सावरगावच्या शेतकऱ्याचं पोर ते. वाकून पाहिलं आणि तिथेच थांबले.

"बाबू, सरकारी सांड खच्ची कोनं केला?"

माझ्या आधीच झालं असेल, असं मी पुटपुटलो. मग 'स्थिती उत्तम'वर सही कशी केली, असं त्यांनी विचारलं. नोटीस निघाली. बदली थांबली. चौकशी होईपर्यंत बैल पुरावा म्हणून कचेरीतच, आणि त्याचं शेणपाणी माझ्याकडे.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्याला जेवणाचं आवतण देतात. त्यासाठी सासरे थेट कचेरीत आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. बैलाचे खांदे चोळले आणि त्याच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग उरलेलं हळद-तूप घेऊन ते माझ्याकडे वळले आणि माझा खांदा चोळायला लागले. सगळी कचेरी बघून राहिली होती.

"त्याले तं सरकार सोडत नाही," सासरे म्हणाले. "त्याच्या जागी तुमी या."

गेलो. काय करता! सासूबाईंनी मला दुसऱ्या बैलाशेजारी उभं केलं, दोघांना ओवाळलं, आणि पुरणपोळी आधी त्याला दिली.