आम्ही नुसते ढग बघणारे

मी ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे तिथे लोक ढगांचे फोटो टाकतात. हो, ढगांचेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं होतं. पूर्वी माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी मला त्यात घातलं आणि महिनाभरात स्वतःच कंटाळून निघून गेल्या. मी राहिले. राहिले म्हणजे काय, तर कोपऱ्यात बसून राहिले. एक फोटो टाकला नाही, कुणाला सुप्रभात म्हटलं नाही, साधा अंगठासुद्धा दाखवला नाही. ओळख ना पाळख अशा शे-दोनशे माणसांचं आभाळ मात्र रोज दुपारी बघत आले. आणि एकटी नव्हे, आम्ही दोघं.

दुसरे म्हणजे आमचे हे. एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची सगळी वर्षं जिल्ह्यातल्या रस्त्यांवर गेली. रिटायर होऊन जरा कुठे घरात बसले, तर अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. डोकं लख्ख आहे, शब्द सगळे जागच्या जागी आहेत, पण तोंडातून बाहेर येताना ते एकमेकांत मिसळून येतात. मला कळतात. इतकी वर्षं संसार केला, मला नाही कळणार तर कुणाला?

पण इतरांना कळत नाहीत. सुरुवातीला यांची कॉट पुढच्या खोलीत होती. मिरजगाव हायवेवरचं गाव, येणारं-जाणारं कुणीतरी डोकवायचंच. यायचे आणि यांनी तोंड उघडलं की "आं? काय म्हणता?" करायचे. काहीजण तर मोठमोठ्यांदा बोलायचे, जसं काही माणूस बहिरा झालाय! मग माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे. एक दिवस यांच्या गाडीवरचा जुना कंडक्टर आला. यांनी त्याला काहीतरी विचारलं. तो पुन्हा पुन्हा "आं, आं" करत राहिला आणि शेवटी काही न कळताच "हो हो" म्हणून छान हसला. यांनी विचारलं होतं, तुझी बायको गेली म्हणतात ते खरं का?

मी तेव्हा चहा ठेवायला आत गेले होते. बाहेर येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. तो माणूस निघून गेल्यावर हे म्हणाले, "मला मदल्या खोलीत ने. आन् कुनाला आत सोडू नको." त्या दिवसापासून यांचं बोलणं फक्त माझ्याशी. दारात कुणी आलं की मीच सांगायची, झोपलेत म्हणून.

मधल्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडली की शेजारच्या गाळ्याची भिंत. ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्या काचेतून आभाळ बघितलं, त्याला आता छताचा पंखा तेवढा दिसायचा. म्हणून एका दुपारी, माझाच वेळ जात नव्हता म्हणून म्हणा, मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. कुणीतरी महाबळेश्वरच्या बाजूचा ढग टाकला होता, मोठाच्या मोठा, खालून काळा आणि वर पांढरा. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्होरं घे."

तेव्हापासून आमची गाडी रोज सुटते. जेवणं झाली, भांडी झाली की मी कॉटच्या कडेला बसते आणि मोबाईल यांच्या तोंडासमोर धरते. यांचा डावा हात कॉटच्या लोखंडी दांडीवर असतो. बोटातल्या अंगठीने दांडीवर एकदा टण केलं की थांबायचं, टणटण केलं की पुढचा ढग. एसटीची घंटा तशीच असते, एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. माझी कंडक्टरची नोकरी, आणि पगार काही नाही!

आणि काय सांगू, त्या दुपारी मी कुठे असते ते माझं मलाच कळत नाही. कुणी समुद्रावरचा ढग टाकतं, कुणी विमानातून काढलेला. यांना मात्र प्रत्येक ढगाखाली आपलाच रस्ता दिसतो. "ह्यो घोगरगावच्या म्होरं. रुईछत्तिशीला पोचूस्तवर इस्कटतो." केरळातला ढग घोगरगावला कसा येईल हो, असं मी म्हणते, आणि म्हणता म्हणता मलाही तो तिथेच दिसायला लागतो. रस्ता दिसतो, कडेची बाभळ दिसते, सीटांच्या रेक्झिनचा वास येतो. पंखा फिरत असतो, आणि वाटतं इंजिनच चाललंय. कधी कधी दांडीवरचं बोट थांबतं. बघते तर यांचा डोळा लागलेला असतो, आणि डावा हात अजून जरा वाकडा, स्टिअरिंगवर असावा तसा. मीही मग तशीच बसते. उठले तर आम्ही दोघंही कुठूनतरी खाली पडू असं वाटतं.

एकदा मी म्हटलं होतं, अहो, तुम्ही हे जे बोलता ना, ते खाली लिहून टाकू का ग्रुपवर? यांनी मान भिंतीकडे वळवली. "माजं कायबी बाहीर जाऊ देऊ नको. नाव न्हाई, आवाज न्हाई." विषय तिथेच संपला. मीही मग नुसती बघणारी राहिले. कुणी म्हणेल लाजता, कुणी म्हणेल फोटो काढता येत नाही. काय वाटेल ते म्हणा! देवळात भजनाला काही बाया तोंड उघडत नाहीत, खांबाला टेकून डोळे मिटून बसतात. त्यांना कुणी उठवतं का, की गात नाहीस तर घरी जा म्हणून?

आमच्या ॲडमिननी उठवलं. पुण्याकडचे कुणी निवृत्त गृहस्थ आहेत, शिस्तीचे. एका सोमवारी त्यांनी लिहिलं की ग्रुपवर मूक सदस्य फार झालेत, नुसतं बघायला येतात, देत काही नाहीत. येत्या रविवारपर्यंत ज्यांचा एकही फोटो येणार नाही, त्यांना संध्याकाळी काढून टाकण्यात येईल. मूक म्हणे! माझं डोकंच फिरलं. सबंध आयुष्य वर्गात घसा फोडला मी, आणि हा मला मूक म्हणतो? पण राग ओसरल्यावर खरी काळजी लागली. ग्रुप गेला तर या माणसाला दाखवू काय? पंखा?

फोटो टाकायचा तर टाकू, त्यात काय, असं म्हणून गच्चीवर गेले. फाल्गुनातलं आभाळ. निळंशार, धुऊन वाळत घातल्यासारखं, आणि औषधाला ढग नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शुक्रवारी सोलापूरच्या अंगाला एक पांढरी रेघ दिसली. मोबाईल घेऊन वर जाईपर्यंत ती पुसून गेली. आमच्याकडे ढगांचं हे असंच असतं, पाहुण्यासारखे दारातूनच परत जातात. शनिवारी मला वाईट बुद्धी सुचली. गूगलवरून कुठला तरी ढग उचलावा आणि मिरजगाव म्हणून टाकून द्यावा. यांना विचारलं. म्हणाले, "खोटी गाडी हानू नको. काडू दे काडायचं तर." तोंडाने म्हणाले तसं, पण त्या दुपारी एकेका ढगावर इतका वेळ थांबले की मला सगळं कळलं.

रविवारी आम्ही सकाळीच बसलो, उगाच, शेवटचं म्हणून. कुकर लावला होता, शिट्ट्या व्हायच्या होत्या. साताऱ्याच्या कुणाचातरी फोटो आला होता, एका डोंगरामागे निळा-काळा ढग आणि अलीकडे सगळीकडे ऊन. यांनी टण केलं. मी थांबले.

"ह्यो करंजी घाट उतरल्यावरचा हाय," हे म्हणाले. "गाडी मोकळी आसंल तर हितं जरा थांबावं. पाटीमागनं ऊन येतं आन् म्होरं समदं निळं. थांब. घाई न्हाई."

"तुम्हाला सगळे ढग करंजी घाटातच दिसतात!" मी म्हटलं. "आणि ऐका, आज ते ॲडमिन महाशय आपल्याला खाली उतरवणार आहेत, फुकटे प्रवासी म्हणून."

"उतरवू दे. पर ह्यो ढग बगून उतरू."

तेवढ्यात शिट्टी झाली, मी गॅस बारीक करायला उठले आणि मोबाईलवर नजर गेली. माझा अंगठा खालच्या कोपऱ्यात, त्या माइकच्या खुणेवर होता. उठताना तो सुटला होता, आणि आमचं सगळं बोलणं ग्रुपवर गेलं होतं.

अगं बाई गं! पुसून टाकायला गेले, तर घाईघाईत भलतंच दाबलं. माझ्या फोनमधून ते गेलं आणि बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये राहिलं. आता ते मला दिसेना, पुसताही येईना. मग एकेक यायला लागलं. एकाने लिहिलं, आवाज नीट नाही. दुसऱ्याने लिहिलं, रेकॉर्डिंग बिघडलंय वाटतं, त्या गृहस्थांचं काहीच कळत नाही. ॲडमिननी लिहिलं, कृपया विषयाला धरून पाठवा.

"काय झालं?" हे म्हणाले. मी यांच्याशी आजवर खोटं बोललेले नाही. सांगून टाकलं. लोकांनी काय लिहिलं तेही यांनी विचारलं, तेही सांगितलं. यांची मान भिंतीकडे वळली. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस माझ्याशीही बोलायचा नाही. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत आले, आता इथून आणखी आत कुठे जाणार? मी तिथेच फरशीवर बसले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मोजायचंही भान राहिलं नाही.

मोबाईल पुन्हा थरथरला. बघू नये असंच वाटत होतं, पण बघितला. एक अनोळखी नंबर, नाव नाही, फोटो नाही. लिहिलं होतं:

'मी कोपरगावहून. इथे आजवर कधी काही लिहिलं नाही. आवाज बिघडलेला नाही. काका म्हणताहेत की हा करंजी घाट उतरल्यावरचा ढग आहे. गाडी मोकळी असेल तर इथे थांबावं, मागून ऊन येतं आणि पुढे सगळं निळं असतं. घाई नाही. शेवटी म्हणाले, उतरवायचं तर उतरवा, पण हा ढग बघून उतरू. माझे वडील शेवटची तीन वर्षं असंच बोलायचे, म्हणून मला कळतं. त्यांना मी इथलेच ढग दाखवायचे. ते गेल्यावरही बघते, टाकावंसं काही वाटत नाही. काका, एक विचारू? घाटात तो ढग बसच्या कुठल्या बाजूने दिसतो?'

मी मोठ्याने वाचलं. हे तसेच भिंतीकडे. मग म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. शब्द न् शब्द बरोबर होता. 'आन् म्होरं समदं निळं', तेसुद्धा तिला कळलं होतं. त्या पोरीला मी कधी पाहिलेलं नाही, आणि यांचं बोलणं तिला माझ्याइतकंच समजलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ते टोचलंच.

मान हळूहळू इकडे वळली. "कोपरगावची व्हय?"

"हो."

"मुक्कामी गाडी असायची माजी तितं." मग म्हणाले, "सांग तिला…"

मी चष्मा सारखा केला आणि टाईप करायला लागले. यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. "तू नको. मी सांगतो."

ॲडमिननी त्या संध्याकाळी बरीच माणसं काढली. आम्हाला ठेवलं, तिलाही ठेवलं, का ते त्यांनी लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तेव्हा, सकाळी, यातलं काही आमच्या डोक्यातही नव्हतं. मी माइकच्या खुणेवर अंगठा दाबून धरला आणि मोबाईल यांच्या तोंडाजवळ नेला. हे सावकाश बोलले, एकेक शब्द ओढून बाहेर काढत. उजवी बाजू, म्हणाले. खिडकीची सीट धर. वळण आलं की गाडी फिरती, म्होरचं मागं जातं, तवा म्होरं बगू नको, मागं बग. मधे एका शब्दाला जीभ अडली, दोनदा अडली. माझ्या ओठांवर तो शब्द आला होता. मी ओठ आवळून धरले. त्यांनी तो स्वतःच काढला. मग विचारलं, "कळलं का?"

अंगठा सोडला. आम्ही दोघं मोबाईलकडे बघत बसलो.

'कळलं काका. मागे बघायचं. आणि पावसाळ्यात?'

"पावसाळ्यात!" हे म्हणाले आणि डावा हात हवेत उडवला, जुन्या दिवसात गाडीवरून घरी आल्यावर उडवायचे तसा. "दाब, दाब तू." मी दाबलं. पावसाळ्यातला घाट झाला, मग चंदनापुरीचा घाट झाला, मग कोपरगावला गोदावरीच्या पुलावरून पहाटे दिसणारं आभाळ झालं. ती विचारायची, हे सांगायचे. कुकर कधीचा निवला, भात गार झाला. मला मध्ये एक शब्दही बोलावा लागला नाही.