रुमालाखाली गेलेली म्हैस

बिबट्याला मी एकदा नुसतं ‘हट’ म्हणालो आणि तो खाली मान घालून उसात निघून गेला. हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलंय. असा मी माणूस. पण घोडेगावच्या बाजारात मी असा धावत सुटलो, की शेजारच्या शेळ्या दचकल्या.

झालं असं. आमच्या पारनेरकडच्या माळावर मुंबईची मंडळी सिनेमा काढायला आली होती. गोष्ट एका अब्जाधीशाची. बंगल्यात इतक्या खोल्या, की सकाळी निघालेला नोकर संध्याकाळी दुसऱ्या टोकाला पोचतो. पण साहेबांच्या मनाला चैन नाही. म्हणून तो जगण्याचा अर्थ शोधायला माळावर येतो, झोपडी बांधतो, म्हैस पाळतो आणि शेवटी कंटाळून म्हैस विकून परत जातो. अशा माणसांना लोकांनी हसावं म्हणून हा सिनेमा.

त्यातली म्हैस आमची. म्हणजे बायकोची. तिनं पारडी असल्यापासून वाढवलेली, तिच्या हातानं वळलेल्या दाव्याला बांधलेली. दूध असं दाट, की त्यात काठी रोवली तर उभी राहील.

बायकोनं आधीच बजावलं होतं, “माळावर काय नाचायचं ते नाचा. पन माजी म्हैस बाजारात न्यायची न्हाई. बाजारात गेलेलं जनावर घरला येतंच असं न्हाई.”

“छे, छे!” मी म्हणालो. आणि शेवटचा सीन बाजारात निघाला, तेव्हा म्हैस टेम्पोत चढवून म्हणालो, “नगरला डॉक्टरला दाखवून आणतो.”

दिग्दर्शक बाई मोठी हुशार. “दादा, व्यापारी खरा हवा आणि त्याला काही सांगायचं नाही. कॅमेरा आम्ही लपवतो. कट झालं की आम्हीच त्याला समजावू.”

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं धरून आणि दाबून बोलणं होतं. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी आकडा दोघांनाच ठाऊक. मान हलली की सौदा झाला. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा आपलं बांधतो, पाठीवर गुलाल टाकतो. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला बाजारात कुणी पाणी विचारत नाही.

व्यापारी मिळाले ते पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांनी म्हशीचे दात पाहिले, सड ओढून पाहिलं आणि रुमाल टाकला. अब्जाधीश झालेल्या नटाला सांगितलेलं होतं, बोटं कशीही दाबा, आत कोण बघतंय! त्यानं दाबली. चाचांच्या भुवया टोपीत शिरल्या.

“नक्की?” त्यांनी विचारलं.

नटानं संन्यास घेतल्यासारखे डोळे मिटून मान हलवली. चाचांनी इसाराची, म्हणजे सौदा पक्का केल्याची, नोट हातावर ठेवली, त्यानं ती प्रसादासारखी कपाळाला लावली. दावं सोडून घेतलं. कट!

आणि नट ढसाढसा रडायला लागला. सगळी मंडळी छत्र्या, पाणी, टॉवेल घेऊन तिकडं धावली. मीही धावलो, एवढ्या मोठ्या माणसाचं नाक गळताना पुन्हा कधी दिसणार? त्यानं माझा हात धरला. “दादा, सोडून देण्यात किती सुख आहे!”

दुसऱ्याची म्हैस सोडून द्यायला काय जातं, असं म्हणणार होतो. तेवढ्यात म्हशीकडं वळून पाहिलं, तर जागा रिकामी.

बाजारात त्या दिवशी लाखभर म्हशी असतील, आणि सगळ्यांनी आमच्याच म्हशीचं तोंड लावलं होतं. मी हाक मारली. पन्नास जणींनी ओ दिली. डोळ्यांपुढं रिकामा गोठा, भिजवलेली पेंड आणि घमेलं घेऊन दारात उभी असलेली बायको. दिग्दर्शक बाईंना गाठलं, तर त्या म्हणतात, “अरे बापरे! दादा, आपण दुसरी घेऊन देऊ ना, सेम!”

सेम!

वाटेत कुणाची घमेली लवंडली, कुणाच्या शिव्या खाल्ल्या, देवाला ठाऊक. फाटकापाशी चाचांचा टेम्पो सापडला. आत आमची म्हैस, पाठीवर गुलाल. चाचा मागचा फळका लावत होते.

“चाचा, थांबा! ते शूटिंग हुतं!”

“कुटं हाय शूटिंग? मला तर न्हाई दिसलं.”

“कॅमेरा लपवला हुता.”

“मंग माजा हात काय उघड्यावर हुता? लपवून केलेला सौदा बी खराच असतो, पाव्हणं.”

“अवो, त्यो मालक न्हाई, नट हाय!”

“हात लोण्यावानी लागला तवाच शंका आल्ती. पन म्हनलं, आता शेरातलीच मानसं तुमच्याकडं रानं घेत्यात, म्हशी पाळत्यात, आन कंटाळली की हितं इकाया येत्यात. ह्यो त्यातलाच येक.”

सिनेमातला माणूस खराच निघाला होता. मी हात जोडले. “चाचा, म्हैस घरवालीची हाय. मी हितं आलोय, ह्येच तिला म्हाईत न्हाई.”

फळक्यावरचा हात थांबला. म्हशीचे दात पाहिले तसं त्यांनी मला पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला. “आन हात.”

मी हात रुमालाखाली घातला. आत काय ठरलं ते मी सांगणार नाही. रुमालाची रीतच तशी आहे.

म्हैस खाली उतरली. चाचांनी आपलं दावं सोडून घेतलं. “इकणारा दावं देत न्हाई.”

आमचं दावं? ते नट मनगटाला गुंडाळून केव्हाच मुंबईच्या वाटेला लागला होता. शांतीची आठवण म्हणे.

दुकानातून निळं नायलॉनचं दावं घेतलं. रस्त्यात गुलाल धुतला, पुन्हा धुतला, शर्टानं पुसला. घर जवळ येईल तशी माझी मान खांद्यात जात होती.

दारात बायको, हातात घमेलं. तिनं पेंड म्हशीपुढं ठेवली. पाठीवरून हात फिरवला, मग मानेवरून. निळ्या दाव्यापाशी हात थांबला.

माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “डॉक्टरनं दावं बी बदललं व्हय?”