कोल्ड रूममधल्या आक्का

काट्यावर चढायच्या आधी आक्का चपला काढायच्या, मग मोबाईल बाजूला ठेवायच्या, मग डब्याची पिशवी, आणि शेवटी पदराची पिनसुद्धा काढून माझ्या हातात द्यायच्या. मग डोळे मिटून उभ्या राहायच्या. आकडा मी वाचायचा. आमच्या डेअरीत क्रेटचं वजन करायला गाड्या भरायच्या धक्क्यावर मोठा काटा आहे. शनिवारी पाळी सुटली की बायका हसतखिदळत त्यावर चढतात, ही आमच्याकडची जुनी गंमत. आक्का मात्र रोज चढायच्या आणि हसायच्या नाहीत. "वाढलं?" एवढंच विचारायच्या. मी हो म्हणाले की म्हणायच्या, "काट्याचा दोष न्हाय, म्याडम. माझाच हाय."

तुमच्याही कामाच्या ठिकाणी अशी एखादी बाई असेल. तिच्याकडे एकदा नीट बघा. मी तीन वर्षं बघत होते आणि मला काही दिसलं नाही, म्हणून सांगते.

डेअरी बारामती एमआयडीसीतली. मी तिथल्या लॅबमध्ये. टँकर आला की दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट बघायचं, पाणी घातलंय का बघायचं. माझ्या नजरेतून भेसळ सुटत नाही असा माझा लौकिक, आणि तो बराचसा मीच पसरवलेला. आक्का कोल्ड रूमला. दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आत रचायचे आणि गाडी लागली की बाहेर द्यायचे, हे त्यांचं काम. चाळिशी नुकतीच उलटलेली, घर भवानीनगरजवळच्या एका वस्तीवर. नवरा मोटारसायकलवरून गेटपर्यंत सोडायचा आणि वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "मागचं टायर बघा वो, बसलं का काय!" वॉचमन हसायचा. आम्हीही हसायचो. पुढे पुढे आक्का अलीकडच्या चौकातच उतरायला लागल्या. तिथून दोन किलोमीटर चालत यायच्या. घरी सांगितलं, वजन उतरवायचंय. आल्या की गेटजवळच्या कट्ट्यावर दम खात बसायच्या.

कोल्ड रूमची माणसं लांबून ओळखू येतात. दिवसभर त्या गारठ्यात काढायचा म्हणजे ओठ फुटतात, हात खरखरीत होतात, आवाज बसतो, हालचाल मंदावते. आक्कांना हे सगळंच होतं, म्हणून आक्कांना काही झालंय असं कुणाला वाटलंच नाही. आवाज घोगरा झाला, कोल्ड रूममुळे. केस गळायला लागले, सारखी टोपी घालून गळत असतील. सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसतो, झोप झाली नसेल. बाकीच्यांचं हे दिवाळीच्या चार सुट्ट्यांत बरं व्हायचं आणि आक्कांचं व्हायचं नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही.

मे महिन्यात आम्ही सगळे काहीतरी निमित्त काढून कोल्ड रूममध्ये डोकावायचो. आक्का जेवणाच्या सुट्टीत जाडजूड जॅकेट घालून भर उन्हात धक्क्यावर बसायच्या. "काय आक्का, कुरडयांबरोबर स्वतःलाही वाळत घातलंय का?" मी एकदा म्हणाले. माझ्या विनोदावर मीच हसले.

"ऊन लागतच न्हाय मला," त्या म्हणाल्या. "हाडापातूर थंडी शिरलीया."

खाण्याचं सांगते. डब्यात अर्धी भाकरी आणि पालेभाजी. भात कधीच सोडलेला. सोमवार, गुरुवार उपवास. इंदापूरच्या कुणा नातेवाईक बाईने वजन उतरवायची पावडर गळ्यात मारली होती, तीही पाण्यात कालवून पिऊन झाली. हे सगळं मी शेजारी बसून बघत होते. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं, बाई घरी जाऊन हादडत असणार. एक दिवस बोलूनही गेले, "आक्का, इथं अर्धी भाकरी, आणि घरी किती?"

आक्कांनी डब्याचं झाकण लावलं. "तुमीबी व्हय, म्याडम?" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या काट्याकडे फिरकल्या नाहीत.

मग तो प्रकार झाला. कोल्ड रूमचा नियम एकच, आधी आलेला माल आधी बाहेर. आक्कांनी नवे क्रेट पुढे लावले आणि जुने मागे राहून गेले. एकदा झालं, सांभाळून घेतलं. दुसऱ्यांदा भिगवणच्या दुकानांतून नासक्या पिशव्या परत आल्या. असं झालं की कारण लॅबने लिहून द्यायचं असतं. मी लिहिलं, "कामगाराचा निष्काळजीपणा." दोन शब्द, खाली माझी सही. लिहायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

साहेबांनी आक्कांना बोलावून ते वाचून दाखवलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ध्यानातच ऱ्हात न्हाय, साहेब. डोस्क्यात धुकं भरल्यावानी हुतंय." मी तिथेच उभी होते. धुकं कसलं, कधीपासून, हे मी विचारलं नाही. मेमो निघाला, त्याची प्रत घरच्या पत्त्यावर गेली. आठवड्याभरात आक्का आपणहून यायच्या बंद झाल्या.

सात-आठ महिन्यांनी एक फोन आला. आवाज ओळखू येईना. खणखणीत, मोकळा. "म्याडम, मी कोल्ड रूमची आक्का." मी तीन वर्षांत त्यांचा खरा आवाज ऐकलाच नव्हता.

गरोदर भाचीला घेऊन त्या इंदापूरला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या. भाचीची तपासणी झाली. आक्का नुसत्या सोबतीला. निघताना डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच थांबवलं.

"तुमचा आवाज पहिल्यापासून असाच आहे का?"

"न्हाय. कोल्ड रूमला कामाला हुते."

"काम सोडून किती दिवस झाले?"

"चार महिनं."

"मग आवाज अजून का बसलेला आहे?"

मग बाई एकेक विचारत गेल्या. थंडी जास्त वाजते का, पोट साफ होतं का, पाळीला त्रास होतो का, झोपून उठल्यावरही थकवा असतो का, विसरायला होतं का. शेवटी विचारलं, खाता किती? आक्कांनी मान खाली घालून सांगितलं, अर्धी भाकरी.

"त्यांनी ते लिवून घेतलं, म्याडम," आक्का फोनवर म्हणाल्या. "हसल्या न्हाईत. आधी लिवून घेतलं."

रक्त तपासलं आणि थायरॉइड निघालं. गळ्यातली ग्रंथी कामाला फारच कमी पडत होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा नंतर, आणि मधून मधून पुन्हा रक्ताची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ही वजन उतरवायची गोळी नाही, अंगात जे कमी पडतंय ते भरून काढणारी आहे. वजन थोडंच उतरलं. पण थंडी गेली, सूज गेली, आणि सकाळी उठावंसं वाटायला लागलं. फोन ठेवल्यावर मीही धावत जाऊन रक्त देऊन आले. रिपोर्ट अगदी नॉर्मल. माझं वजन निव्वळ भज्यांचं निघालं.

पण त्यांनी फोन हे सांगायला केलाच नव्हता. "त्या कागदावर तुमी निष्काळजी लिवलंय न्हवं, ते खोडता यील का? घरात कायबी सांडलं, लवंडलं, की आमचं ह्ये त्योच शब्द म्हणत्यात. लेकरांदेखत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

साहेब म्हणाले, जुना कागद खोडता येणार नाही, त्याला पुरवणी जोडा. आक्कांना परत घ्यायलाही ते तयार होते, पण आक्कांनी नको म्हणून कळवलं. त्यांच्या जागी आता दुसरी बाई आहे. पुरवणी लिहायला मला एक अख्खा दिवस लागला. शिक्का मारून घेतला आणि प्रत घेऊन रविवारी मी वस्तीवर गेले.

नवरा कारखान्यावर निघाला होता, हातात मोटारसायकलची किल्ली. आक्कांनी कागद माझ्याकडून घेतला, एकेका शब्दावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला आणि नवऱ्याकडे दिला. "मोठ्यानं वाचा," म्हणाल्या. आक्कांच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

नवऱ्याने वाचायला सुरुवात केली. झालेली चूक आजारामुळे झाली. कामगार तीन वर्षं आजारी असूनही रोज कामावर हजर होती. तिला निष्काळजी म्हणणं ही लॅबची चूक होती. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला.

"म्होरं?" आक्कांनी विचारलं.

"संपलं की."

"मग परत पयल्यापासनं वाचा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मुलींकडे बघितलं. मग हातातली किल्ली ओट्यावर ठेवली, खाली बसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला.